तीन किलोमीटरची रेषा

जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईत तमिळनाडू सरकारने रानडुकरांसाठी अंतराचे सूत्र जाहीर केले. राखीव जंगलापासून १ किलोमीटरच्या आत मारायचे नाही. १ ते ३ किलोमीटरमध्ये पकडून जंगलात सोडायचे. त्यापलीकडे वनखात्याने गोळी घालायची. शेजारच्या केरळने २०२२ मध्येच आदेशाचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला होता. बंदूक कोणाच्या हाती, यावरच सारा वाद रंगतो. रानडुक्कर मात्र नकाशा पाहून राहत नाही. ओढ्याकाठची झुडपे, वेड्या बाभळीचे रान, उभा ऊस एवढे असले की त्याला राखीव जंगल लागतच नाही. शिवाय सुमारे चार महिन्यांच्या गर्भकाळानंतर मादी एका वेताला चार-सहा पिल्ले देते. त्यामुळे किती मारली, हा आकडा एकटा निरर्थक आहे. मागे किती उरली आणि पिकाची नासाडी किती घटली, हे मोजल्यावाचून सूत्राची परीक्षा होत नाही. एका रात्रीत भुईमूग उकरला गेलेल्या शेतकऱ्याला या मोजणीसाठी थांबा म्हणणे अर्थातच क्रूरपणाचे ठरेल. गोळी चालावी, पण त्याच तालुक्यात, पहिल्या दिवसापासून, गणनाही सुरू व्हावी.