चौकटीतला विसावा

शीतगृहातील बेदाण्याचे तापमान दर मिनिटास टिपण्याचे काम आमच्या पुतण्याने लॅबव्ह्यूवर सोपविले. १९८६ साली निघालेल्या या प्रणालीत ओळी लिहीत नाहीत; चित्रे मांडून तारा जोडतात. फेऱ्यांची संख्या ठाऊक असेल तर ‘फॉर’ची चौकट, थांबवेपर्यंत चालायचे असेल तर ‘व्हाइल’ची.

पहिल्या रात्री त्या चौकटीत विसावाच नव्हता. एक वाचन दोन सेकंदांचे. आठ तासांत ४८० ऐवजी १४,४०० नोंदी! पहाटे दार किलकिले राहून पारा चढला होता, ती वार्ता त्या ढिगात हरवली. असा मुनीम आमच्या आजोबांनी पेढीवर क्षणभर ठेवला नसता.

मग वाचनापुढे ६०,००० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका मिनिटाचा, थांबा जोडला. तरी फेरी ६२ सेकंदांची होऊ लागली आणि दिवसाकाठी १,४४० नोंदींपैकी ४६-४७ गळू लागल्या. उपाय सोपा निघाला: दोहोंमधील तार काढली. परस्परांशी तारेने न बांधलेली कामे येथे एकाच वेळी चालतात. वाचन थांब्याच्या पोटातच उरकते आणि दोन्ही संपल्यावरच पुढची फेरी सुरू होते.

आता मेळ बसतो. थांबविण्याचे बटण मात्र पुतण्याने आमच्या हातापासून दूर ठेवले आहे.