जुनी लेन्स आणि शकुंतलेचे इंजिन

यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ज्यांनी पाहिली, त्यांना एक गोष्ट स्मरत असेल. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली काढण्यात आले आणि त्या जागी डिझेलचे आले. रूळ तेच राहिले, अडीच फुटी. नव्या इंजिनावर कोणी खोटे धुराडे बसवले नाही. ते रुळांच्या मापाचे होते, एवढेच पुरेसे होते. पुढे गाडीच बंद पडली, तो भाग वेगळा. उलट ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगरहून जी वारसा-गाडी निघाली, ती विजेवर चालते आणि तरीही तिच्या इंजिनाला रूप मात्र वाफेच्या इंजिनाचे दिलेले आहे.

त्याच वर्षी निकॉनने झेडएफ हा कॅमेरा बाजारात आणला. आतून पूर्ण डिजिटल, बाहेरून १९८२ च्या एफएम२ चा धाकटा भाऊ. माथ्यावर शटरच्या वेगाची चकती, आयएसओची चकती, पितळी घाट. ज्यांच्या कपाटात वडिलांच्या काळातल्या, हाताने फिरवायच्या लेन्स पडून आहेत, अशांना तो पाहून मोह होणे साहजिक आहे. आम्हांसही झाला. परंतु मोहाला युक्तिवादाचे कपडे चढवले जाऊ लागले, की थोडे थांबून पाहावे. ‘जुन्या लेन्सला जुन्या घाटाचाच कॅमेरा हवा’ हे विधान आम्हांस मान्य नाही.

जुन्या लेन्सला काय हवे असते? पहिले, अंतराचे माप. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ जोडणीत लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर असते. आरसा नसलेल्या झेड कॅमेऱ्यांत हेच अंतर १६ मिलिमीटर आहे. उरलेले साडेतीस मिलिमीटर एका पोकळ कड्याने भरून काढले, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. हेलिओससारखी आटे असलेली रशियन लेन्सही अशीच बसवता येते. त्या कड्याला कॅमेऱ्याच्या रूपाशी काही कर्तव्य नाही. रुळांची रुंदी जुळली, की झाले.

दुसरी गरज फोकसची, आणि खरी मेख येथे आहे. एफएम२ मध्ये डोळा लावला की मध्यभागी दुभंगलेले चित्र दिसे. कडे फिरवावे, दोन अर्धुके एकत्र यावीत, आणि मग खटका दाबावा. २०१३ साली निकॉननेच काढलेल्या डीएफने जुने रूप घेतले, अॅपर्चरच्या कड्याशी बोलणारा जुना दांडाही ठेवला, इतका की १९७७ पूर्वीच्या लेन्सही त्यावर चालत. पण ते दुभंगलेले चित्र मात्र दिले नाही. तेथे स्वयंचलित फोकसच्या कॅमेऱ्यांचाच पडदा होता, आणि फोकस साधला की नाही हे कळण्यासाठी एका ठिपक्यावर विसंबावे लागे. देखावा हाताला दिला, डोळ्याला काही दिले नाही. झेडएफमध्ये याच्या उलट आहे. चित्र मोठे करून पाहता येते, फोकसमधल्या कडा रंगवून दाखवल्या जातात, आणि मोठे अॅपर्चर असलेली लेन्सही निर्धास्तपणे वापरता येते. पण तो गुण आरसा काढून टाकल्याचा आहे, चकत्यांचा नव्हे. चकत्या नसलेल्या साध्या झेड कॅमेऱ्यांतही तो आहे. शिवाय झेडएफच्या माथ्यावर अॅपर्चरचा आकडा दाखवणारी इवलीशी खिडकी आहे. जुनी लेन्स लावली, की कॅमेऱ्याला तिचे अॅपर्चर कळत नाही आणि खिडकीत आकडा उमटत नाही. जुन्या लेन्सच्या नावाने मांडलेल्या या देव्हाऱ्यात जुनी लेन्सच मुकी ठरते!

पोथीच्या आकारात सुट्या पानांवर छापलेला ग्रंथ आपण सर्वांनी पाहिला आहे. चौरंगावर ठेवून पारायण करणाऱ्यास तो आकार उपयोगी आहे. पुस्तकाच्या कपाटात मात्र तो केवळ अडचण करतो. चकत्यांचेही काहीसे असेच. कॅमेरा बंद असतानाही शटर किती वेगावर आहे हे दिसते, हा लाभ खरा आहे आणि आम्ही तो नाकारीत नाही. कापूस वेचणाऱ्या हातांपाशी बसून लेन्सचे कडे सावकाश फिरवताना जी उसंत मिळते, समोरच्या बाईशी दोन शब्द बोलणे होते, तीही खरी. पण ती उसंत लेन्सच्या कड्यातून येते. (टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ समोरून निघून जात असता ही उसंत परवडत नाही, हेही प्रांजळपणे सांगावे.)

आमचा खरा आक्षेप पुढचा आहे. जुने रूप कॅमेऱ्यावरच थांबत नाही, ते छायाचित्रात उतरू पाहते. झेडएफवर कृष्णधवल चित्रासाठी वेगळा खटकाच आहे. तो बोटाखाली असला, की बोट तिकडे जाते. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेत, कर्जाने मोडलेले घर, दारातली विधवा या विषयांना कृष्णधवल किंवा विटकरी रंग फार लवकर शोभून दिसतो. शोभतो, म्हणूनच त्याची धास्ती वाटते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. त्या मंचावर जे उभे होते, ते वर्तमान होते. त्याला जुन्या अल्बमचा रंग दिला, तर पाहणारा हळहळतो आणि पान उलटतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आणखी करायचे तरी काय, असे त्याला वाटते. जुनी काच असे करायला लावीत नाही. तिच्यातून आलेले रंग थोडे मऊ असतील, कडेला प्रकाश किंचित सांडेल, परंतु कापसाचा पांढरा पांढराच राहतो.

आमची ५० मिलिमीटरची लेन्स सध्या एका साध्या, काळ्या, चकत्या नसलेल्या कॅमेऱ्यावर बसवलेली आहे. बाजारात तो गळ्यात असताना कोणी त्याची चौकशी करीत नाही.