विश्लेषण : सुट्टीतलं बोटिंग सुरक्षित आहे की नाही, हे धक्क्यावरच कसं ठरतं?

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. वागळे इस्टेटमध्ये कारखाने आणि वस्त्यांच्या शेजारीच रायलादेवी तलाव आहे. बोटीत बसायचं तर मासुंदा, म्हणजे आपली तलावपाळी, आणि उपवनही फार लांब नाहीत. परीक्षा संपल्या की संध्याकाळी काठावर गर्दी वाढते आणि मुलांचा हट्ट ठरलेला असतो : बोटीत बसायचं!

आपण बोट बघतो, तिकिटाचा दर विचारतो. ज्या धक्क्यावरून बोटीत चढतो, त्याच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. खरं तर सुरक्षेचे बरेचसे निर्णय तिथेच होतात.

उन्हाळ्यात धक्क्याचं काय होतं?

पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या तलावाची पातळी एप्रिल-मेमध्ये खाली जाते. सिमेंटचा पक्का धक्का जागेवर राहतो आणि बोट खाली जाते. पाऊल टाकताना पडणारं अंतर वाढतं. लहान मुलं आणि आजी-आजोबांचा तोल इथेच जाऊ शकतो. पाण्याखालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं. काठाजवळ गाळ साचला असेल तर बोटीचा तळ घासतो.

प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे जोडून केलेला तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली-वर होतो, त्यामुळे बोटीपर्यंतचं अंतर फारसं बदलत नाही. पण पाणी उतरल्यावर त्याच्या दोऱ्या आणि साखळ्या पुन्हा बांधून घ्याव्या लागतात. नाहीतर गर्दी एका बाजूला झाली की तो हलतो, कलतो.

गर्दी सुरू होण्याआधी कोणती तयारी हवी?

शेवाळ खरवडून काढणं, सैल फळ्या आणि बोल्ट बदलणं, गंजलेल्या कठड्याला वेल्डिंग करणं, काठाजवळचा गाळ, जलपर्णी आणि निर्माल्य काढणं. पाणी उतरलं की एक तात्पुरती पायरी किंवा फळीचा उतार बसवणं. दोरी बांधलेली जीवरक्षक रिंग हाताशी ठेवणं. वागळे इस्टेटसारख्या भागात, जिथे फॅब्रिकेशनची कामं गल्लोगल्ली होतात, यातलं काहीच अवघड नाही.

लाइफ जॅकेटही तपासावी लागतात. उन्हाने पट्टे कुजतात, बकल तुटतात. मुलांसाठी लहान मापाची वेगळी जॅकेट लागतात, कारण मोठ्या मापाचं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाऊ शकतं.

अपघात काय सांगतात?

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. तलाव महापालिकेचा, चालवायला खासगी कंत्राटदार. बोटीची क्षमता १४ जणांची होती, बसवले होते त्याहून बरेच जास्त. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेटही नव्हतं.

७ मे २०२३ रोजी, सुट्टीतल्या रविवारी, केरळमधल्या तानूर इथे २२ जण बुडाले. मासेमारीची बोट बदलून पर्यटनासाठी वापरली जात होती. तीही क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती आणि अंधार पडल्यावर निघाली होती.

या दोन्ही बोटी उलटल्या पाण्यात. पण जास्त माणसं चढली ती काठावर. तिथे मोजून 'आता बास' म्हणणारा एक माणूस असता, तर बोट तशी निघाली नसती.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो, तो वळवाच्या वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. त्यामुळे आभाळ भरून आलं की फेरी बंद करण्याचा अधिकार धक्क्यावरच्या माणसाकडे असायला हवा.

जबाबदारी कुणाची?

१९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी देशात अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला. इंजिनवर चालणाऱ्या बोटींची नोंदणी, तपासणी आणि विमा त्यात बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळ बघतं. वल्ह्याच्या किंवा पायडलच्या बोटींसारख्या विनाइंजिन बोटींची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण नोंदणीचा कागद रोज संध्याकाळी माणसं मोजत नाही. म्हणून ठेका देतानाच धक्क्यावर मोजणारा माणूस कोण, बोट थांबवायचा अधिकार कुणाचा आणि धक्क्याची तपासणी कधी, हे लिहिलेलं हवं.

मग आपण काय करायचं?

तिकीट काढण्याआधी दोन मिनिटं थांबा. बोटीवर क्षमता लिहिली आहे का, ते बघा आणि माणसं मोजा. मुलाच्या मापाचं जॅकेट मागा आणि बकल स्वतः लावा. आधीची बोट रिकामी होईपर्यंत धक्क्यावर गर्दी करू नका. जॅकेट नसेल किंवा माणसं जास्त असतील, तर उतरा. मूल रुसेल, पण त्याची समजूत काठावर भेळ खाऊनही काढता येते.