आमची मुलं विज्ञानाच्या दारातूनच का परततात?

दहावीचा निकाल लागला की खारीतल्या आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात गुणगौरव होतो, मुलांच्या हातात ट्रॉफी आणि बाबासाहेबांचं पुस्तक दिलं जातं. पाहुणे सांगतात, "खूप शिका, कलेक्टर व्हा." टाळ्या पडतात. आणि पुढच्या आठवड्यात त्यातली बहुतेक मुलं आर्ट्स किंवा कॉमर्सचा फॉर्म भरतात. गणितात चांगले मार्क असलेलीसुद्धा.

असं का होतं, हे आधी आम्ही कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवं. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलं. त्या शिक्षणाने आम्हाला जात ओळखायला शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आर्ट्सला गेलो ते परवडत होतं म्हणून आणि सायन्सला काय लागतं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं म्हणून. आज मुलांनाही आम्ही तोच रस्ता दाखवतो, कारण तेवढाच आम्हाला माहीत आहे.

बाबासाहेबांनी मात्र हा धोका १९४२ मध्येच ओळखला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडलं की कायद्याचं आणि कला शाखेचं शिक्षण अस्पृश्य समाजाला फारसं पुढे नेणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षणच नेईल. आपली मुलं तिकडे जात नाहीत ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, खर्च झेपत नाही म्हणून, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले. आज आपण जिला शिष्यवृत्ती म्हणतो ती मॅट्रिकोत्तर योजना १९४४ मध्ये सुरू झाली, तिच्या मुळाशी ही मागणी आहे. ही मागणी करणारा माणूस स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ होता, हे विसरू नका.

काही मित्र म्हणतात, "आरक्षण सरकारी नोकरीत आहे. खाजगी कंपनीत आपल्या इंजिनिअरला कोण उभं करतं?" प्रश्न खोटा नाही. जात तिथेही आहेच. पण सरकारी जागा आटत चालल्या आहेत, आणि एकेका जागेसाठी आपलीच शेकडो मुलं ऐन उमेदीची वर्षं अभ्यासिकेत घालवत आहेत. इथे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. पॉलिशच्या धुळीत आयुष्य घालवलेले बाप आपल्या वस्त्यांत आहेत. त्या कारखान्याची मशीन कोणती घ्यायची, धूर-धूळ कशी रोखायची, हे ठरवणाऱ्या खुर्चीत आपला माणूस नको का?

म्हणून नुसतं "शिका" म्हणून भागणार नाही. रस्ता सांगावा लागेल.

पहिलं, कागद. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. आपली कुटुंबं गाव सोडून आलेली. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल एका दिवसात मिळत नाही. मूल अकरावी सायन्सला गेलं की लगेच कामाला लागा. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव केली तर मार्क असूनही जागा हातची जाते.

दुसरं, फी. कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तर पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास शिष्यवृत्ती आणि वर असल्यास फ्रीशिप मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हा हक्क गमावतो. हा फरक माहीत नसल्याने कर्ज काढणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

तिसरं, बारावी सायन्सचे क्लास परवडत नसतील तर दहावीनंतर डिप्लोमा करा. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन भाईंदरहून एका लोकलच्या अंतरावर आहे. तीन वर्षांनी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआय केलेल्यांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे.

आणि चौथं, वेळेवर पैसा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या दलित मुलाने आयआयटी धनबादची जागा मिळवली, पण १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ चा अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. तो लढला, जिंकला. पण प्रत्येक मुलाला दिल्ली गाठता येत नाही. १७,५०० रुपये कोणत्याही विहाराला जड नाहीत. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत साउंडवर त्याहून जास्त जातात.

जयंती जोरात व्हायलाच हवी. पण यंदाच्या वर्गणीतला एक हिस्सा प्रवेश फंडात टाका. विहारात जून-जुलैमध्ये दर रविवारी फॉर्म भरायला बसा. वस्तीतून इंजिनिअर झालेल्या ताई-दादांना भाषणाला नको, गणित शिकवायला बोलवा.

तपासल्याशिवाय काही मानू नका, असं बुद्धाने सांगितलं. प्रयोगशाळेत रोज हेच करतात. तिथे जायला आपली मुलं घाबरत असतील तर आपण त्यांच्यासोबत दारापर्यंत चालत गेलं पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!