शब्द तोच, वस्तू निराळी

शब्द जागच्या जागी राहतो आणि त्याचा अर्थ मात्र हळूच बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही. अमेरिकेत 'टेलिफोन' या शब्दाचे असेच झाले आहे आणि त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते आहे, असे आम्हांस वाटते.

तांब्याच्या तारेवरील साध्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तारेवाटे मिळते. म्हणून घर अंधारात बुडाले तरी तो चालू राहतो. ऑप्टिकल फायबर म्हणजे काच. तिच्यातून आवाज जातो, वीज जात नाही. घरातील उपकरण घरच्याच विजेवर चालते. ती गेली आणि जोडीला बॅटरी नसली की फोनही मुका होतो. वादळात नेमका तेव्हाच तो हवा असतो.

ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळाने न्यूयॉर्क राज्यातील फायर आयलंड बेटावरच्या तांब्याच्या तारा निकामी केल्या. त्यांच्या जागी व्हेरायझन कंपनीने बिनतारी यंत्र पुढे केले. त्यावर ना फॅक्स चाले, ना आजाऱ्याला मदत मागवून देणारे यंत्र. लोकांनी विरोध केला, तेव्हा सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनी फायबर टाकण्यास तयार झाली. लोकांचा राग नव्या तंत्रावर नव्हता; जुन्या नावाखाली उणी वस्तू गळ्यात मारण्यावर होता.

२०१५ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने दोन नियम केले. तांबे काढण्यापूर्वी घरगुती ग्राहकाला किमान तीन महिने आधी कळवावे, आणि आठ तास पुरेल अशी बॅटरी त्याला देऊ करावी. बॅटरीचा खर्च मात्र त्याचाच. यांतील थेट कळवण्याची सक्ती २०१७ मध्ये रद्द झाली. बॅटरीचा नियम मुळातच मुदतीचा होता. ती मुदत २०२५ मध्ये सरली.

तांब्याची देखभाल महाग पडते, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. तांबे जपून ठेवा, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु अंधारात साथ देण्याचे वचन आजवर कोणी लिहून दिले नव्हते, कारण ते तारच पाळीत होती. आता तार जाणार असेल, तर ते वचन कागदावर आले पाहिजे: साध्या भाषेतील पूर्वसूचना, आणि जोडणीबरोबरच विनामूल्य बॅटरी. आणि या वचनाला मुदत नसावी. वादळांना ती नसते.