पहिल्या भागाची वकिली

“पहिला भाग जरा रेंगाळतो हं, पण पुढे मस्त पकड घेतो.” ‘हॅरी पॉटर’चं मराठी भाषांतर दुसऱ्याच्या हाती देताना हे वाक्य न म्हणणारा माणूस मला नाशकात अजून भेटायचा आहे. कारल्याचा रस पुढे करताना जो चेहरा करतात, त्याच चेहऱ्याने ही मंडळी पुस्तक पुढे करतात. मग पोरगं पहिल्याच पानापासून जांभया देऊ लागलं तर दोष कुणाचा?

हिशेब त्यांचा बरोबर आहे, हे कबूल. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या पहिल्या भागात १७ प्रकरणं. शाळेची आगगाडी सहाव्यात सुटते आणि शाळेचं दार उघडायला सातवं उजाडतं. पण तोवर काय घडतं ते बघाल की नाही? जिन्याखालच्या कपाटात झोपणारं एक पोरकं पोर. त्याचे काका ड्रिलच्या कारखान्यातले साहेब. ‘आमच्यात असलं काही चालत नाही’ हा त्यांचा कुळधर्म. पोराच्या नावाने जन्मात पहिल्यांदा पत्र येतं, तर काका ते देत नाहीत. दारातली पत्रांची फट खिळे ठोकून बंद करतात. मग पत्रं अंड्यांतून निघतात, धुराड्यातून धबाधबा कोसळतात. अखेर हा गृहस्थ बिऱ्हाड उचलून समुद्रातल्या खडकावर पळतो. एका पत्राला भिऊन! याला रेंगाळणं म्हणायचं असेल तर आमच्या वाड्यांतली निम्मी भांडणं रेंगाळलेलीच म्हणायची. छडी फिरवून वस्तू उडवणं कुणालाही सुचेल हो. हे काका सुचायला घरोघरचे काका बघावे लागतात. आणि ते कपाट आधी बघितलं नाही, तर पुढच्या राजवाड्यासारख्या शाळेचं कौतुक कशाशी ताडून करणार?

मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते. मागून जादा इंजिनं लावतात, मग ३७ फुटांना एक फूट असा थळ घाटाचा चढ चढते. तिथे आपण निमूट चहा पितो. कसारा गाळा, थेट इगतपुरीला उतरवा, असा अर्ज कुणी केल्याचं ऐकिवात नाही. कीर्तनातही पूर्वरंग टाळून बरोब्बर आख्यानाला येऊन टेकणारे असतात म्हणा. बुवा त्यांना हाकलत नाहीत, एवढंच.

सगळ्याच संथ पहिल्या भागांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. काल्पनिक राजांच्या वंशावळी नि नकाशे यांनी दोनशे पानं भरणारे लेखक आहेत, त्यांनी आपला दुसरा वकील पाहावा. संथ वेगळं, रटाळ वेगळं. संथ पानावर काहीतरी शिजत असतं. रटाळ पानावर नुसतीच भांडी वाजतात.

आमच्या शेजाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी नातवाला पुस्तक दिलं तेच मुळी सहाव्या प्रकरणात खूण घालून. “इथून वाच, इथून गाडी सुटते.” अर्ध्या तासात नातू बाहेर आला. “आजोबा, त्या डडलीला शेपूट कसं काय?”

आजोबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शेपूट चौथ्या प्रकरणात फुटतं.