पत्रातला दादा, पत्रातली ताई

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे टपाल खाते होते आणि १८६९ पासून स्वतःची तिकिटेही होती. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी अशा सोळा जिल्ह्यांचे ते राज्य. तिथल्या नोटांवर उर्दूसोबत या तिन्ही भाषा छापलेल्या असत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार वाटणी झाली. आपला नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्रात, पुढे २०१४ मध्ये तेलंगणात गेले. नकाशा बदलला, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. मोठ्या दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, पोराच्या नोकरीसाठी आपण आजही हैदराबादची गाडी धरतो.

तिथे १९०७ सालची विवेकवर्धिनी आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तरीही "पोरं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत," ही खंत तिथल्या अनेक घरांत ऐकू येते.

यावर उपाय म्हणून गेली दोन वर्षे आमच्या बी.ए.च्या वर्गातली काही मुले-मुली हैदराबादेतल्या मराठी घरांतील सहावी-सातवीच्या मुलांना महिन्याला एक पत्र लिहितात. पत्रे शिक्षकांच्या पत्त्यावर जातात, घरचा पत्ता आणि आडनाव कुणी लिहीत नाही. एवढाच नियम.

सुरुवातीला एका हुशार विद्यार्थ्याने आलेल्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवले. दोन महिने त्या मुलाचे उत्तरच आले नाही. मग आम्ही वर्गात चर्चा केली. एक मुलगी म्हणाली, "सर, ते पोरगं तीन भाषा बोलतं, आपल्याला तेलुगूचं एक अक्षर येत नाही. मग शिकवायचं कुणी कुणाला?"

पुढच्या पत्रात त्या विद्यार्थ्याने एकच विनंती केली, "माझं नाव तुमच्या तेलुगूत लिहून पाठवशील का रे?" पंधरा दिवसांत चार पानी उत्तर आले. नाव तर होतेच, शिवाय बथुकम्माच्या फुलांची उतरंड कशी रचतात त्याचे चित्र आणि खाली तोडकेमोडके मराठी. आमच्या विद्यार्थ्याने उत्तरात पोळ्याचे वर्णन केले आणि मुलाने चुकीचे लिहिलेले शब्द आपल्या वाक्यांत बरोबर वापरले. चूक दाखवली नाही, तरी पुढच्या पत्रात ती कमी झाली.

साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही त्यांची तळमळ होती. तुरुंगात असताना ते स्वतः तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळचा मराठी अनुवाद केला. आपण सीमेवरची माणसे, आपल्याला तर शेजारची भाषा तासाभराच्या अंतरावर आहे.

या उपक्रमाने सगळे साधले असे नाही. काही पत्रव्यवहार तीन पत्रांतच आटले. फोनवर दोन मिनिटांत बोलता येते, मग पत्र कशाला, असे पालकही विचारतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की फोनवर बोलून लिपी येत नाही. अक्षर हाताने गिरवावे लागते आणि त्यासाठी पलीकडे वाट पाहणारे कुणीतरी लागते.

वाचकहो, हैदराबादेत आपला भाचा, पुतणी, नातवंड असेलच. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला एक पोस्टकार्ड आणून द्या. पहिला प्रश्न तेवढा त्यालाच विचारू द्या.